त्रेपन्नावे वर्ष

परमेश्वराचे भय धरणाऱ्याचे आयुष्य वाढते असे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, सांगते, तर मग आमचा माणूस इतक्या लवकर का गेला, आणि आता माझे काय होणार? इंदूरमध्ये समुपदेशन करताना ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा ऐकू येतो. काही काळापूर्वी आलेल्या एका गृहस्थांच्या बाबतीत तो फार स्पष्टपणे पुढे आला. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून, तो अनुभव येथे लिहीत आहे.

गृहस्थांचे वय ५२. घराणे मूळचे नगरकडचे, पण दोन पिढ्या इंदुरात गेलेल्या. येथील अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांप्रमाणे घरात मराठी आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हिंदी, अशी त्यांची दुहेरी रीत होती. कौटुंबिक प्रार्थनेला आजीचे मराठी शास्त्र उघडायचे आणि रविवारी हिंदीतून उपासना करायची. वडील निर्व्यसनी, शांत, दशमांश, म्हणजे मंडळीला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, कधीही न चुकवणारे. ते ५३ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा हे कॉलेजात होते.

पत्नी त्यांना जवळजवळ ओढूनच घेऊन आल्या होत्या. रात्री छातीत धडधडते ही एक तक्रार, आणि वर्षभरात यांनी पुढचा म्हणून एकही निर्णय घेतलेला नाही ही दुसरी. मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाचा अर्ज सहीवाचून पडून होता, गळक्या गच्चीचे काम दोनदा ठरवून दोनदा मोडले होते. त्यांच्या खिशात एक लहान वही असे. तीत वाचलेले अध्याय, केलेले उपवास आणि दिलेला दशमांश यांची रोजची नोंद होती आणि एखादा रकाना रिकामा राहिला की त्या रात्री धडधड हमखास होई. "ताई, वडिलांचे कुठेतरी काहीतरी राहून गेले असणार. माझे तसे राहू नये, एवढेच," असे ते म्हणाले. बोलण्याच्या ओघात हेही कळले की, गोळीवर भरवसा ठेवणाऱ्याचा प्रभूवरचा भरवसा कमी होतो, असे एका प्रार्थनासभेत कोणीतरी म्हटल्यापासून, म्हणजे गेले तीन आठवडे, त्यांनी रक्तदाबाची गोळी बंद केली होती.

अशा वेळी वचनांवर चर्चा करत बसणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. वडिलांना किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला जोखीम मानते. म्हणजे त्यांच्या भीतीत एक खरा अंश होता आणि त्यावर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची तपासणी आणि उपचार हा उपायही होता. ईसीजी ठीक निघाला, रक्तदाब मात्र बराच वाढलेला होता. गोळी पुन्हा सुरू झाली. प्रेषित पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, आणि पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला दिला, नुसती प्रार्थना कर असे म्हटले नाही, याची मी त्यांना आठवण करून दिली.

आई किंवा वडील ज्या वयात गेले त्या वयाजवळ पोहोचताना मुलांना अशी धास्ती वाटणे अगदी नेहमीचे आहे. पण या गृहस्थांच्या धास्तीला शास्त्राचा आधार मिळाला होता, आणि तो आधार तपासल्याशिवाय ती हलणार नव्हती. म्हणून तिसऱ्या भेटीत त्यांना दोन्ही शास्त्रे आणायला सांगितली.

परमेश्वराचे भय धरणाऱ्याचे आयुष्य वाढते, हे वाक्य शास्त्रातल्या ज्या पुस्तकात आहे त्याचे हिंदीत नाव 'नीतिवचन', मराठीत 'नीतिसूत्रे'. वचन म्हटले की आपल्या कानाला दिलेला शब्द ऐकू येतो, आणि दिलेला शब्द पाळला गेला नाही तर कोणीतरी दोषी ठरतेच; देव दोषी असू शकत नाही, म्हणून दोषी वडील, हे त्यांचे गणित होते. सूत्र म्हणजे दिलेला शब्द नव्हे; अनुभवातून आलेले, थोडक्यात बांधलेले शहाणपण. याच पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात मूर्खाला उत्तर देऊ नको असे एक सूत्र आहे आणि लगेच पुढचे सूत्र उत्तर दे असे सांगते. ती दोन्ही त्यांनी मोठ्याने वाचली आणि बराच वेळ बोलले नाहीत. तिसऱ्या अध्यायात शिक्षण न विसरणाऱ्याला दीर्घायुष्य आणि शांती लाभेल असे म्हटले आहे, ते आयुष्याची सर्वसाधारण चाल सांगणारे आहे. शास्त्रातल्याच 'उपदेशक' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात तर नीतिमान माणूस नीतीने वागूनही नाश पावतो, हेही तितक्याच सरळपणे नोंदवलेले आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे येशूने विचारले आणि उत्तर नाही असे दिले. खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या दोन घरांच्या दाखल्यातही पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर सारखेच येतात.

"म्हणजे वडिलांचे काही चुकले नाही?" असे त्यांनी विचारले, आणि वडील गेल्यानंतर बहुधा प्रथमच ते त्यांच्यासाठी रडले. आजी कोणती भजने म्हणायची, असे मी नंतर सहज विचारले. टिळकांची, असे ते म्हणाले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक १९१९ साली, साठी न गाठताच वारले. ते अपुऱ्या विश्वासामुळे गेले, असे त्यांची भजने गाणाऱ्या कोणाच्या मनातही येत नाही.

पुढचे काम सोपे नव्हते. त्यांच्या संमतीने मी त्यांच्या पाळकांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, बोलले. पाळकांनी उपवास थांबवायला सांगितले नाही. उपवास गुप्तपणे करावा या येशूच्या शिकवणीवर बोट ठेवून, महिनाभर तो वहीत न लिहिता करा, एवढेच सांगितले. मला सुचलेल्या कोणत्याही तंत्रापेक्षा हे चांगले होते. पहिला आठवडा त्यांना झोप लागली नाही आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी चोरून दोन नोंदी केल्या, हे त्यांनीच मला सांगितले. वही पूर्ण सुटायला सात महिने लागले. आता तिच्यात रक्तदाबाचे आकडे असतात, आणि ते डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच लिहायचे, असे आमचे ठरलेले आहे.

गच्चीचे काम पावसाळ्याआधी झाले. शैक्षणिक कर्जावर त्यांनी सहकर्जदार म्हणून सही केली. हप्ते त्यांच्या वयाच्या ६७ व्या वर्षापर्यंत चालतील. कर्जाचा विमा घ्यावा काय, असे त्यांनी शेवटच्या भेटीत मला विचारले, तेव्हा तो प्रश्न बँकेत विचारा, असे मी सांगितले.