लघवी आवरत नाही म्हणून कमरेत मशीन बसवायला सांगितलं आहे. शॉक बसतो का? बसवावं का?

दादा, तुम्ही लिहिलंय की आईचं वय ५८, लघवीची घाई लागली की संडासापर्यंत पोहोचेस्तोवर लुगडं ओलं होतं, दोन वर्षं गोळ्या झाल्या, आणि आता नागपूरच्या डॉक्टरांनी कमरेत तार आणि मशीन बसवायला सांगितलंय. शॉक बसतो का, पुढे वावरात काम जमेल का आणि एवढा पैसा घालावा का, हे तुम्हाला हवंय.

सहसा शॉक बसत नाही, हलकी टकटक जाणवते; कोणाला कधी झटक्यासारखं वाटलं तर सेटिंग बदलून घ्यावं लागतं. माझ्या कमरेत ते मशीन २०२१ पासून आहे. मी यवतमाळ जिल्ह्यात नर्सबाई होते, आता रिटायर झाले. गावोगावच्या बायकांना 'लाजू नका, दवाखान्यात दाखवा' म्हणत फिरले आणि स्वतः सहा वर्षं पर्समध्ये जास्तीचा परकर घेऊन एसटीत बसले. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरून बसायची, कोणी विचारलं तर 'सीट ओली आहे बाई' म्हणायची.

पैशाच्या आधी एक गोष्ट पक्की करा, आणि ती तुम्ही विचारू नका, बहिणीला किंवा बायकोला विचारायला सांगा. मुलाला आई हे सांगणार नाही. लघवी नेमकी कधी जाते? खोकलं, शिंकलं, हसलं, पऱ्हाटीचा भारा उचलला की जात असेल, तर हे मशीन त्या दुखण्याचं नाहीच. तिथे खालच्या स्नायूंचा व्यायाम आणि गरज पडल्यास लघवीच्या मार्गाखाली आधाराची पट्टी बसवायचं ऑपरेशन असतं. अंग बाहेर येत असेल तर आधी ते बघावं लागतं. आणि घाई नाही, खोकला नाही, नुसती दिवसरात्र ठिबकतच असेल, त्यातही गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर किंवा अडलेल्या बाळंतपणानंतर सुरू झालं असेल, तर मूत्राशयाला भोक पडलेलं असू शकतं. ते शिवावं लागतं. अशा बाईला कोणी गोळ्या देत बसलं की मला फार राग येतो.

घाई लागते आणि पोहोचेस्तोवर जाते, हाच प्रकार मशीनचा. निरोगी मूत्राशयात चारशे-पाचशे मिली मावतं. माझं दीडशेलाच 'भरलं, भरलं' अशी हाकाटी करायचं. मूत्राशयाचे निरोप ज्या नसांतून मणक्याकडे जातात, त्यातली मुख्य नस माकडहाडाच्या वरच्या हाडातल्या तिसऱ्या छिद्रातून येते. तिच्याशेजारी तार ठेवतात आणि कुल्ल्याच्या वरच्या भागात कातडीखाली छोटी डबी. डबी सेकंदाला साधारण चौदा बारीक ठोके देते, त्याने ही खोटी हाकाटी दबते. मूत्राशय दाबून धरणं किंवा पिळणं असलं काही ती करत नाही. हे काल निघालेलं खूळ पण नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला टॅनाघो आणि श्मिट या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं आणि १९९७ मध्ये तिथल्या सरकारने घाईच्या गळतीसाठी परवानगी दिली.

आता चाचणीबद्दल, कारण निर्णय तिच्यावरच आहे. मशीन थेट बसवत नाहीत, बसवू देऊही नका. मला पालथं झोपवलं, जागा बधिर केली आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत सुई घातली. डॉक्टर विचारत होते, 'मावशी, कुठे जाणवतं?' मी सांगितलं, खाली टकटक होते. पायाशी उभी असलेली सिस्टर म्हणाली, 'अंगठा वाकला.' पायाचा अंगठा वाकला आणि टकटक खालच्या अंगाला लागली की तार योग्य नसेजवळ आली असं समजतात. टाचेला किंवा पोटरीला ओढ लागली तर जागा चुकली. मग तार बाहेर काढून कमरेच्या पट्ट्यातल्या डबीला जोडली. काही ठिकाणी पातळ, तात्पुरती तार टाकून आठवडाभरच बघतात. माझी कायमची तार होती, दोन आठवडे.

तेवढे दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, पट्टी भिजवायची नाही. गावात राहून हे जमत नाही. हंडा दिसला की बाई उचलणारच. मी नागपूरला भाचीकडे राहिले. आईचीही कुठे तरी सोय करा.

आणि मोजणी. चाचणीच्या आधी तीन दिवस आणि चाचणीत रोज. दवाखान्यातून तक्ता देतात, पण आईला लिहिता येत नसेल तर माझी जुनी युक्ती वापरा. संडासाजवळ दोन वाट्या ठेवायच्या. लघवीला गेलं की एकीत तुरीचा दाणा, कपडे ओले झाले की दुसरीत सोयाबीनचा. रात्री घरातल्या पोराने मोजून लिहायचं. चाचणीआधी माझे दिवसाचे तुरीचे चौदा-पंधरा दाणे आणि सोयाबीनचे पाच निघायचे. चाचणीच्या दुसऱ्या आठवड्यात तुरीचे आठ आणि सोयाबीनचा कधी एक, कधी एकही नाही. गळतीत निम्म्याने तरी फरक पडला तरच मशीन बसवायचं, असा डॉक्टरांचाही नियम आहे. फरक नाही पडला तर तार काढून घरी. 'थोडं बरं वाटतं' एवढ्यावर हो म्हणू नका, दाणे मोजा.

खर्च लाखांत जातो. चाचणीचा आणि मशीनचा आकडा वेगवेगळा लिहून मागा. महात्मा फुले योजनेतलं हॉस्पिटल असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा की ही तार आणि मशीन योजनेत बसतं का. माझा पैसा पेन्शनीचा होता. चाचणी व्हायच्या आधी वावर गहाण ठेवणं मला पटणार नाही, चाचणीनंतरही दहादा विचार करा. कारण याच्या आधीच्या पायऱ्या सगळ्या झाल्यात का, हे तुमच्या प्रश्नातून दिसत नाही. शुगर तपासली? लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी? लघवी झाल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत पाहिलं? आपल्या बायका वावरात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि चहा मात्र चारदा घेतात. दाट लघवी मूत्राशयाला बोचते, चहा त्यात भर घालतो. बद्धकोष्ठानेही घाई वाढते. गोळ्या कोणत्या झाल्या तेही लिहा. सॉलिफेनॅसिनने तोंड कोरडं पडतं आणि पोट साफ होत नाही, मे महिन्यात तर जीव नको होतो. ती सोसली नाही म्हणून मिराबेग्रॉन देऊन बघतात, त्यात बीपीवर लक्ष ठेवावं लागतं.

दोन पर्याय आणखी आहेत. दुर्बिणीतून मूत्राशयात बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. असर काही महिन्यांनी उतरतो, मग पुन्हा घ्यावी लागतात, आणि काहींना लघवी अडून काही काळ नळी घालावी लागते. दुसरा, घोट्याच्या वर बारीक सुई लावून अर्धा तास करंट, आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. हा मला सगळ्यात सोसवणारा वाटतो, पण गावाहून बारा चकरा आणि तेही कापसाच्या दिवसात, हिशेब तुम्हीच लावा. घोट्याजवळ कातडीखाली बसणाऱ्या नाण्याएवढ्या मशीनला अमेरिकेत २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

वावराचं. पहिले सहा आठवडे वाकणं, पिळणं, ओझं बंद. नंतर मी कापूस वेचला आहे, निंदणही केलं आहे. पोतं मात्र उचलत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात अंगणात घसरून बसले आणि टकटक खालच्या अंगाऐवजी मांडीत यायला लागली, गळतीही परतली. तारेवर चार टोकं असतात, त्यातलं दुसरं टोक चालू करून भागलं, पण सेटिंग करणारा माणूस ठरलेल्या दिवशीच यायचा, म्हणून पंधरा दिवस परत परकर आणि प्लास्टिकची पिशवी. तार सरकणं, जागा पिकणं, डबीपाशी दुखणं, हे होऊ शकतं आणि कधी पुन्हा चिरावं लागतं. सेटिंग कोण करणार आणि कोणत्या दिवशी भेटणार, हे ऑपरेशनच्या आधी विचारून ठेवा.

गुडघ्यांसाठी आई कुठे मशीनचा शेक घेतात का? आत उष्णता देणारा डायथर्मीचा शेक ही डबी असताना अजिबात चालत नाही. तार तापून नस भाजू शकते. एमआरआयसुद्धा मशीनचा प्रकार बघूनच, जुन्या प्रकारांत फक्त डोक्याचा होतो. दवाखान्यातून कार्ड मिळतं, ते आधार कार्डासोबत ठेवायचं.

बॅटरी दोन प्रकारची असते. चार्जिंग नसलेली काही वर्षांनी संपते, मग छोटं ऑपरेशन करून डबी बदलतात. चार्जिंगवाली पंधरा वर्षांपर्यंत जाते, पण ठरल्या दिवसांनी कमरेला चार्जर लावून बसावं लागतं. आमच्याकडे लाइट कधी येते ते लाइनमनलाही माहीत नसतं, म्हणून मी पहिली घेतली. तुमच्या गावची लाइट बघून ठरवा.

सध्या तीन दिवस दाणे मोजा आणि तुरी किती, सोयाबीन किती, ते खाली कमेंटमध्ये लिहा. मग बोलू.