नागपुरात दीड लाखात लघुपट: पैशांच्या आधी दिवसांचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात राहणारे निवृत्त आजोबा आणि त्यांचा नऊ वर्षांचा नातू यांच्यावरची, एका प्रकाशित कथेवर आधारलेली अठरा पानांची पटकथा तयार आहे, नऊ ठिकाणी चार दिवस चित्रीकरण करायचे आहे, मे महिन्याच्या सुट्टीत सगळे मोकळे असतात म्हणून तेव्हाच करायचे आहे, हाताशी दीड लाख रुपये आहेत आणि उरलेले प्रायोजकाकडून घ्यावेत की लोकवर्गणीतून, हे ठरत नाही. माझे मत असे की उरलेले पैसे किती लागतील हेच अजून आपल्याला कळलेले नाही आणि ते कळल्याशिवाय कोणाकडेही जाऊ नये.

लघुपटाचा खर्च पानांवर ठरत नाही, चित्रीकरणाच्या दिवसांवर ठरतो. दीड लाखातून संकलन, ध्वनी, रंगसंस्करण, उपशीर्षके आणि दोन हार्ड डिस्क यांसाठी ४५,००० रुपये आधीच बाजूला काढा, अडीअडचणीसाठी १५,००० आणि महोत्सवांच्या प्रवेशशुल्कासाठी १०,००० ठेवा. हातात ८०,००० उरतात. चार दिवसांचे चित्रीकरण म्हणजे रोजचे २०,०००. आपण लिहिलेल्या अठरा माणसांचे चहा, नाश्ता, जेवण आणि पाणी माणशी ३०० रुपयांत बसवले तरी रोजचे ५,४०० तिथेच जातात. राहिलेल्या १४,६०० मध्ये कॅमेरा, लेन्स, दिवे, ध्वनी, गाडी आणि तंत्रज्ञांचे मानधन भागवावे लागते. हेच काम तीन दिवसांत आणि चौदा माणसांत केले, तर त्याच कामांसाठी रोज सुमारे २२,४०० हाती राहतात, म्हणजे एक रुपयाही न वाढवता दीडपट. त्या फरकातून आपण ज्यासाठी तरतूदच केलेली नाही तो माणूस, म्हणजे स्वतंत्र ध्वनिमुद्रक, आणता येतो.

तीन दिवसांत अठरा पाने नव्या युनिटकडून होत नाहीत. रोजची चार ते साडेचार पाने धरा आणि पटकथा बारा-तेरा पानांवर आणा. नऊ ठिकाणेही चारवर आणावी लागतील, कारण एका जागेचे सामान बांधून, गाडीत भरून, गर्दीतून दुसरीकडे नेऊन पुन्हा मांडेपर्यंत दोन तास सहज जातात आणि त्या दोन तासांत एकही शॉट होत नाही. गणेशपेठ बसस्थानकाचा आपला प्रसंग पाहा. आजोबा निघून जातात हे सांगायला बसस्थानक हवेच असे नाही. दाराशी बांधून ठेवलेली पिशवी आणि खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून तिकीट काढून पाहणारा नातू एवढ्यात तो प्रसंग होतो, तोही घरातच, आणि मला तर तो तिथे अधिक जवळचा वाटतो. घर, घरापुढचा बोळ, इतवारीतले दुकान आणि तलावाचा काठ एवढ्यावर ही कथा उभी राहू शकते.

मे महिन्याबद्दल मात्र मी आपल्याला कळकळीने नको म्हणेन. नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर दुपारी बाहेर माणूस उभा राहत नाही. पण त्याहून मोठी अडचण आवाजाची आहे. माझा पहिला लघुपट मी महालातल्याच एका घरात मे महिन्यात केला. आमच्या खोलीतला कूलर आम्ही बंद केला, पण भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारच्या घरातला कूलर बंद करायला सांगण्याची सोय नव्हती, कारण तिथे आठ दिवसांचे बाळ होते. कॅमेऱ्यावरच्याच माइकने आवाज घेत होतो आणि कोणाच्याही कानाला हेडफोन नव्हता. रात्री घरी येऊन ऐकले तेव्हा आजीची भूमिका करणाऱ्या बाईंच्या प्रत्येक वाक्याखाली तीच घरघर होती, आणि ती कमी करायला गेले की त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ व्हायचा. डबिंगला पैसे उरले नव्हते. पुढे त्या बाई मुलीकडे पुण्याला राहायला गेल्या आणि हार्ड डिस्क चौदा महिने कपाटात पडून राहिली. शेवटी पुण्याला जाऊन एका दिवसात डबिंग केले, ओठही जुळले, पण त्या उकाड्यातल्या खोलीत त्यांच्या बोलण्यात आलेला थकवा काही परत मिळाला नाही. म्हणून शेवटच्या टप्प्याचे ४५,००० मी आधी बाजूला काढायला सांगतो, आणि प्रत्येक जागेवर कोणीही न बोलता तिथल्या शांततेचा एक मिनिट आवाज वेगळा मुद्रित करून ठेवा, तो संकलनात पदोपदी कामी येतो.

हिवाळा उत्तम, पण डिसेंबर टाळा. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू असले की पोलीस बंदोबस्तात अडकलेले असतात, भाड्याच्या गाड्या आणि हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर परवडत नाहीत. शिवाय साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे बाहेरच्या प्रसंगांना दिवस अपुरा पडतो. संक्रांतीनंतरचा जानेवारी मला सर्वांत सोयीचा वाटतो: पतंगांचा कल्ला ओसरलेला असतो, कूलर अडगळीत असतात आणि मुलाची वार्षिक परीक्षा अजून लांब असते. एकच गोष्ट जपावी लागेल. आजोबांच्या भूमिकेसाठी आपल्याला झाडीपट्टीतले, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांतले, कलावंत हवे आहेत आणि त्यांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपासपर्यंत चालतो. रात्रभर प्रयोग करून आलेल्या माणसाला सकाळी सातला कॅमेऱ्यासमोर उभे करणे त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या सलग तीन-चार मोकळ्या तारखा आधी घ्या आणि त्यांभोवती बाकीचे बेत आखा; तारखा जुळल्याच नाहीत तर नागपूर केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेल्या ज्येष्ठ हौशी कलावंतांकडे जा.

आता पैसे मागण्याविषयी. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कथापटासाठी भांडवल उभे करताना आधी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली आणि ती छोटी फीत भांडवलदारांना दाखवली. आपणही तेच करावे. त्याच घरात, त्याच आजोबांना घेऊन, फोनवर का होईना, दीड मिनिटाचा एक प्रसंग चित्रित करा आणि मगच कोणाच्या दारात जा. सोबत दोन पानांचा हिशेब असू द्या, ज्यात आपले स्वतःचे किती पैसे लागले आहेत हे पहिल्या ओळीत असेल.

प्रायोजकाकडून रोख मागण्यापेक्षा वस्तू आणि सेवा मागा, असे मी सुचवीन. सीताबर्डीचा किंवा इतवारीचा व्यापारी पंचवीस हजारांचा धनादेश देताना दहादा विचार करतो, पण तीन दिवसांचे जेवण, एक गाडी किंवा दुकान बंद असतानाची जागा आनंदाने देतो. त्याबदल्यात श्रेयनामावलीत काय लिहिले जाईल, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. लोकवर्गणी संकेतस्थळावरून करायची असेल, तर संस्थेचा हिस्सा आणि त्यावरचा कर वजा होऊन हाती किती येते आणि उद्दिष्ट अपुरे राहिले तर जमलेले पैसे परत जातात का, हे आधी वाचून घ्या. माझा अनुभव असा की अनोळखी माणसे फार थोडी देतात; शाळेतले मित्र, जुने सहकारी, आते-मामेभाऊ हेच देतात, म्हणून आधी शंभर नावांची यादी करा आणि प्रत्येकाला स्वतः फोन करा. नफ्यातला वाटा देऊ असे जाहीर सांगून पैसे गोळा करू नका, ते वेगळ्याच कायद्यांच्या कक्षेत जाते. नातेवाइकांखेरीज इतरांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटरकमा ५०,००० रुपयांच्या वर गेल्या, तर ती सगळी रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते, तेव्हा पैसे खात्यात येण्यापूर्वीच सीएंना भेटावे.

कथेच्या हक्कांबद्दल आपण ‘लेखकांनी फोनवर होकार दिला आहे’ असे लिहिले आहे. ते पुरेसे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत धरला जातो, आणि वेगळे काही ठरलेले नसेल तर वर्षभरात हक्क न वापरल्यास हस्तांतरण रद्द झाल्याचे मानले जाते. परदेशी महोत्सवांचा विचार असेल तर ‘संपूर्ण जग’ हे दोन शब्द करारात हवेतच. लेखकांना मानधन द्या, थोडे असले तरी.

नातवाच्या भूमिकेतल्या मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि पालकांची लेखी संमती लागते. २०१७ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार त्याला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याच्या कमाईतली किमान वीस टक्के रक्कम त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. त्यामुळे तीनही दिवस त्याचे प्रसंग सकाळी एकापाठोपाठ लावा, मध्ये विश्रांती ठेवून. दुपारनंतर आजोबांचे एकट्याचे प्रसंग घेता येतील.

बाकीच्या परवानग्या ठिकाणे चारवर आली की आटोक्यात येतात: सार्वजनिक जागांसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, आणि बोळातल्या चित्रीकरणासाठी स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे. फुटाळा तलावावरचा ड्रोन शॉट मात्र पटकथेतून काढून टाका. वायुसेनानगर तिथे लागूनच आहे आणि सोनेगावचे विमानतळही शहरातच; सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनविषयक संकेतस्थळाच्या नकाशावर जो भाग लाल दिसतो तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. काठावरच्या बाकावर बसलेले आजोबा आणि मागे पाणी, हा शॉट ट्रायपॉडवरून पहाटे अर्ध्या तासात होईल.

पटकथा तेरा पानांवर आली की प्रसंगवार ब्रेकडाउन करून इथे टाका: प्रसंग, जागा, दिवस की रात्र, कोण कलावंत, किती पाने. तीन दिवसांची कॉल शीट, म्हणजे कोणी कधी कुठे हजर राहायचे याचा तक्ता, आपण मिळून लावू, आणि त्यानंतर नेमके किती पैसे कमी पडतात ते दिसेल.