वाचकांचे प्रश्न: ११८ कोटींचे ९२ कसे करायचे?

प्रश्न: कन्सल्टिंग कंपनीत बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून नुकतीच लागले आहे. क्लायंटच्या सेल्स रजिस्टरची (विक्रीच्या बिलांच्या यादीची) बेरीज ११८ कोटी येते, नफा-तोटा पत्रकात विक्री ९२ कोटी आहे. मॅनेजर म्हणतात, हे जुळल्याशिवाय स्लाइड करायची नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: मॅनेजरचं अगदी बरोबर आहे. क्लायंटच्या सीएफओला, म्हणजे वित्तप्रमुखाला, एकूण विक्री तोंडपाठ असते. तुमचा आकडा त्याला अनोळखी वाटला, की पुढचं विश्लेषण कितीही चांगलं असो, चर्चा तिथेच अडते.

पहिला संशय जीएसटीवर घ्या. बिलाची रक्कम करासकट असते, पत्रकातली विक्री कर वगळून. सगळा माल १८ टक्क्यांचा असेल तर ११८ चे १०० होतात. पण सरसकट १.१८ ने भागू नका, दर मालागणिक बदलतो. करपात्र मूल्याचा रकाना मागवा आणि त्याचीच बेरीज घ्या.

उरलेल्या ८ कोटींत नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटतो तो शाखांमधला माल. भिवंडीच्या गोदामातून कंपनीच्याच हैदराबादच्या गोदामात माल गेला, तरी जीएसटीत दोन राज्यांतल्या नोंदण्या वेगळ्या, म्हणून बिल फाटतं. विक्री मात्र झालेली नसते. अशी बिलं शोधणं सोपं आहे. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. ग्राहकाच्या क्रमांकातून एक्सेलच्या मिड (MID) फॉर्म्युल्याने तिसऱ्यापासून दहा अक्षरं काढा. ती क्लायंटच्या पॅनशी जुळली, की ती ओळ वगळा.

मग क्रेडिट नोटा: परत आलेला माल, वर्षअखेरची सूट. त्यांचं रजिस्टर बहुधा वेगळं असतं, मागितल्याशिवाय मिळत नाही. बिल झालं पण मार्चअखेर वाटेतच असल्याने विक्रीत धरला नाही, असा मालही विचारून घ्या.

एवढ्यानेही जुळलं नाही तर फाइल तपासा. अंक मजकूर म्हणून साठले असतील तर एक्सेलची बेरीज ते मोजतच नाही. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपुढचं मावत नाही. विभागवार फाइली जोडताना तीच बिलं दोनदा येतात. मात्र नुसत्या बिल क्रमांकावरून दुबार ओळी उडवू नका, एका बिलात अनेक वस्तूंच्या ओळी असतात.

शेवटी एका शीटवर मांडा: ११८, वजा कर १८, वजा शाखा ५, वजा क्रेडिट नोटा ३, बाकी ९२. तुमचे आकडे वेगळे निघतील. फरक उरलाच तर ‘न जुळलेला फरक’ अशी स्वतंत्र ओळ ठेवा, दुसऱ्या ओळीत मिसळू नका. शीट क्लायंटच्या अकाउंट्स विभागाकडून तपासून घ्या, मगच स्लाइडला हात घाला.