म्हातारीची बदकं

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री अडीचची आहे, हे आधी पाहिलं. मग तुमच्या युरेनियम मिलच्या (खनिज दळून युरेनियम काढणाऱ्या कारखान्याच्या) जनसुनावणीत लोक काय बोलले, त्याचा तक्ता उघडला. नोकरी सोडू का, हे तू तीनदा विचारलंयस आणि तक्त्याबद्दल फक्त एकदा, तेही जाता जाता. मी तक्त्यापासून सुरुवात करतो. नोकरीचं तू कधीही ठरवशील, तक्ता शुक्रवारी जाणार आहे.

जनसुनावणीत लोक जे बोलले ते जसं बोलले तसं लिही. तुझे साहेब म्हणतात, सारखे मुद्दे एकत्र करून बारा ओळींत बसव. बसवू नकोस. ओळी शंभर झाल्या तर होऊ देत, कागद कंपनीचाच आहे. पर्यावरण मंजुरीसाठी प्रकल्प तपासणारी दिल्लीतली तज्ज्ञ समिती काही सुनावणीच्या मांडवात येत नाही. तिच्यापुढे रकाने जातात: मुद्दा, प्रकल्पवाल्यांचं उत्तर, त्यासाठी किती पैसे आणि कधीपर्यंत. सोबत चित्रफीत असते, पण सहा तासांची चित्रफीत कोण बघत बसतो? पहिल्या रकान्यात तू लिहिशील तेवढंच गाव दिल्लीला पोचतं.

तुला वाटेल, सरांना आता म्हातारपणी तत्त्वं सुचतायत. खरं आहे. तुझ्या वयात मीही बारा ओळींतच बसवत होतो.

गावाचं नाव सांगत नाही. युरेनियमच्या मिलचीच सुनावणी होती. मांडव, भाड्याच्या खुर्च्या, बाहेर पोलिसांची गाडी, टेबलावर साहेबांपुरत्या पाण्याच्या बाटल्या. एक म्हातारी उठली. संताळीत बोलली, शाळेतल्या मास्तरांनी हिंदी केलं, मी इंग्रजीत उतरवत होतो. ती म्हणाली, "पावसात तुमचं तळं भरेल. माझी बदकं तिकडंच जातात. तुमची भिंत कशापेक्षा उंच आहे, बदकापेक्षा की पाण्यापेक्षा?" मांडव हसला. मीही हसलो. आणि लिहिलं: 'पशुधनाबाबत चिंता व्यक्त करण्यात आली.' समोर उत्तर आलं: 'योग्य ती काळजी घेण्यात येईल.' संपलं.

तिनं काय विचारलं होतं ते आता बघ. सिंगभूमच्या दगडात टनामागं किलोभरही युरेनियम नसतं. दगड दळायचा, गंधकाम्लात मुरवायचा, युरेनियम काढून त्याची पिवळी भुकटी, यलो केक, हैदराबादला पाठवायची. उरतो तो गाळ. चुना घालून त्यातलं आम्ल मारतात, जाडा भाग खाणीत परत भरतात, बारीक भाग टेलिंग पॉन्डमध्ये, म्हणजे म्हातारीच्या त्या तळ्यात. मूळ दगडातला सुमारे 85 टक्के किरणोत्सार या गाळातच राहतो, कारण रेडियम आणि थोरियम मागंच राहतात. रेडियम निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात. म्हणजे म्हातारीनं एका वाक्यात दोन प्रश्न विचारले होते: अतिवृष्टीत बांधावरून पाणी जाईल का, आणि तळ्यातलं विष बदकातून माणसाच्या ताटात येईल का. आमच्या पर्यावरण अहवालात दोन्हींची उत्तरं नव्हती. पाण्याचे नमुने आम्ही एकाच हंगामात घेतले होते, पावसाळा सोडून. तेही नियमाला धरूनच. पावसाचं जे काही आम्हाला कळणार होतं, ते त्या बाईकडून. आणि मी 'पशुधन' लिहिलं!

'चिंता व्यक्त केली' हे चार अक्षरी विष आहे. (अक्षरं मोजू नकोस.) चिंतेला उत्तर द्यावं लागत नाही, धीर दिला की भागतं. प्रश्नाला आकडा द्यावा लागतो. म्हणून जसं बोलले तसं लिही.

गावाला तांत्रिक कळत नाही, असं तुझ्या ऑफिसात कुणी म्हणालं तर त्याला डिसेंबर 2006 मधलं झारखंडच्या जादुगोडा युरेनियम मिलचं सांग. मिलमधून तळ्याकडे गाळ नेणारा पाइप फुटला, तेव्हा खबर गावकऱ्यांनी दिली. सुनावणी म्हणजे नुसता उपचार, असं म्हणालं तर हे सांग: अमेरिकेत कोलोरॅडोत पिनॉन रिज नावाच्या युरेनियम मिलचा परवाना 2012 मध्ये न्यायालयानं रद्द केला, तो सुनावणी नीट घेतली नाही एवढ्याच मुद्द्यावर. पुढं फेरसुनावणी झाली, 2013 मध्ये परवाना पुन्हा मिळालाही, पण मिल काही उभी राहिली नाही. आपल्याकडं मे 2010 मध्ये माडबनला जैतापूर अणुप्रकल्पाची सुनावणी झाली, तेव्हा मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही ही गावांची पहिली तक्रार होती. भाषेची तक्रार क्षुल्लक वाटते ती फक्त ज्याला अहवाल वाचता येतो त्याला.

आणि या सुनावण्यांचे नियम घालून देणारी 2006 ची पर्यावरण अधिसूचना तू पाठ केलीयस, तरी एक कलम कुणी नीट पाळत नाही म्हणून सांगतो. सुनावणी संपताना इतिवृत्त तिथंच, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं असतं, मग जिल्हाधिकाऱ्यांची सही. आमचं वाचन झालं तेव्हा संध्याकाळची बस गाठायला निम्मा मांडव उठून गेला होता. म्हातारीही. ती असती तर म्हणाली असती, मी असं बोललेच नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं अणुखनिजांच्या खाणींना जनसुनावणीतूनच सूट दिली, मग आता या सगळ्याला काय अर्थ, असं तू लिहितेस. या वाक्याचा मला राग आला. उद्या सुनावण्याच होणार नसतील तर आज झालेल्या सुनावणीतला एकेक शब्द जपायचा, की तोही बारा ओळींत चेंगरायचा?

मी तेव्हा राजीनामा दिला नाही. घराचे हप्ते होते, हे एक कारण. दुसरं म्हणजे अणुवीज हवी असं मला वाटत होतं, आजही वाटतं. तुझ्या मित्रमंडळींना हे चालणार नाही, न चालो. त्यानंतर मात्र मी लोकांचा एकही शब्द बदलून लिहिला नाही. दोन मोठी कामं हातची गेली, 'हा माणूस तक्ते लांबवतो' अशी ख्याती झाली. मी बाहेर पडलो असतो तर माझ्या खुर्चीत 'पशुधन' लिहिणारा दुसरा कुणी बसला असता, असं मी स्वतःला सांगत आलोय. बायको म्हणते, ही सोयीची समजूत आहे. असेलही.

असो. तुझ्या तक्त्यात क्रमांक 7 वर आहे: 'स्थानिकांनी धुळीबाबत चिंता व्यक्त केली.' कोण बोललं? कुठली धूळ, सुकलेल्या तळ्यावरची की ट्रकची? उन्हाळ्यात वारा कुठल्या बाजूनं येतो, हे त्या माणसानं सांगितलं असणार, गावात सांगतातच. चित्रफीत काढ, संताळी येणारं कुणीतरी शेजारी बसव आणि आज रात्री 7 पुन्हा लिही. उद्या सकाळी सहानंतर कधीही फोन कर, मी जागाच असतो.