संध्याकाळी विजेची मागणी वाढली की कोयना धरणाचं जलविद्युत केंद्रच का चालवतात, कोळशाचं केंद्र का नाही?

कारण बॉयलर, म्हणजे पाण्याची वाफ करणारी भट्टी. चंद्रपूरला कोळसा पिठासारखा दळून जाळतात आणि सुमारे ५४० अंश सेल्सिअसची वाफ टर्बाइनवर सोडतात. तिला जोडलेलं जनित्र, म्हणजे वीज बनवणारं यंत्र, मिनिटाला ३००० फेरे घेतं. थंड पडलेला हा सगळा संच घाईने तापवला तर जाड धातू असमान फुगतो, तडे जातात. म्हणून सुरू करायला कित्येक तास लागतात. पावसाळ्यात ओला कोळसा गिरणीत चिकटतो, ते दुखणं वेगळंच.

कोयनेत झडप उघडली की काही मिनिटांत वीज! पण तिथेही हात आखडता: विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. सौर पॅनेलमध्ये तापवायचं-फिरवायचं काहीच नसतं, पण नेमका याच वेळी सूर्य मावळतो.