मुलाचं बेसबॉल आणि न्यू जर्सीला येण्याचा बेत

ताई, तुम्ही विचारलंत की यजमानांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी मिळतेय, मुलगा चौदा वर्षांचा, जळगावात सॉफ्टबॉल-बेसबॉल जीव ओतून खेळतो, तर इकडे आल्यावर तो मेजर लीगपर्यंत, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलपर्यंत, पोचू शकेल का. वाट आहे, पण ती शाळेतून जाते. म्हणून यायचंच असेल तर नववी सुरू होताना या, अकरावीची वाट बघू नका.

मेजर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, आता जुलैत होतो, २० फेऱ्यांचा. बाहेरच्या देशातला मुलगा इथल्या हायस्कूलात किंवा कॉलेजात शिकला तरच तो त्यात येतो. भारतातून थेट येणाऱ्याशी संघ वेगळा करार करतात. २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना तसंच घेतलं होतं. दोघंही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, बेसबॉल त्यांनी त्याआधी कधी खेळलेलाच नव्हता. मेजर लीग दोघांनाही गाठता आली नाही. तुमच्या मुलाच्या हाताला खेळाची सवय आधीपासून आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमच्याच राज्यातला मेजर लीगचा खेळाडू माइक ट्राउट बघा. मिलव्हिल या दक्षिणेकडच्या गावातला. वडील मिनेसोटा ट्विन्स संघाच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या पायऱ्यांवर, डबल-ए या वरून दुसऱ्या पायरीपर्यंत खेळले, पुढे हायस्कूलात शिक्षक झाले. इथे मार्चमध्ये मैदान ओलं आणि बोटं गारठलेली असतात, सीझन छोटा, त्यामुळे फ्लोरिडा-कॅलिफोर्नियाच्या मुलांइतके सामने इथल्या मुलांना मिळत नाहीत आणि स्काऊटना, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांनाही, त्यांचा नीट अंदाज येत नाही. २००९ च्या ड्राफ्टमध्ये ट्राउटला २४ संघांनी सोडून दिलं असं म्हणतात, पण त्यातला २४वा नंबरही त्याला घेणाऱ्या एंजल्स संघाचाच होता. तेव्हा त्यांनी दुसरा मुलगा निवडला आणि लगेच २५व्या नंबरवर ट्राउटला घेतलं. मग ॲरिझोना, आयोवातलं सीडर रॅपिड्स, आर्कान्सा अशा मायनर लीगच्या पायऱ्या. ८ जुलै २०११ ला, १९व्या वर्षी, तो मेजर लीगमध्ये उतरला आणि त्या मोसमात त्याची फलंदाजीची सरासरी .२२० अशी कमीच राहिली. २०१२ ची सुरुवात पुन्हा ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे मायनर लीगच्या सर्वात वरच्या पायरीवर, सॉल्ट लेकला. एप्रिलअखेर त्याला परत बोलावलं, आणि त्या वर्षी .३२६ सरासरी, ३० होम रन, ४९ चोरलेले बेस! सर्वोत्तम नवोदित तोच ठरला, एकमताने. इतक्या गुणी पोरालासुद्धा वर जाऊन खाली यावं लागलं, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा.

बहुतेकांचा मुक्काम मायनर लीगमध्येच संपतो. मायनर लीग खेळाडूंच्या २०२३ च्या करारात ट्रिपल-ए चा किमान वार्षिक पगार ३५,८०० डॉलर ठरला, त्या वर्षी मेजर लीगचा ७,२०,००० होता. मधलं अंतर डोळ्यांसमोर असू द्या. म्हणून मी तरी म्हणेन, हायस्कूलनंतर कॉलेजची टीम धरावी. चार वर्षांच्या कॉलेजात गेल्यावर साधारण तिसरं वर्ष संपलं किंवा २१ पूर्ण झाली की तो पुन्हा ड्राफ्टमध्ये येतो, आणि शिक्षण हातात राहतं.

आता व्हिसा. हा भाग खेळापेक्षा जास्त गांभीर्याने घ्या. मुलगा एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, येईल. त्यावर शाळेच्या टीमकडून खेळता येतं, पण पैसे घेऊन खेळता येत नाही. एखाद्या संघाने करार केला तर खेळाडूंचा पी-वन व्हिसा संघाच्या अर्जावर मिळतो, मायनर लीगसाठीसुद्धा. शिवाय वयाच्या २१व्या वर्षी एच-फोर संपतो आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग तोवर सरकेलच असं नाही. यजमानांच्या कंपनीला ग्रीन कार्डची प्रक्रिया कधी सुरू करणार, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी विचारा.

उन्हाळ्यात गावोगाव जाऊन खेळणाऱ्या खाजगी ट्रॅव्हल टीमचा खर्च हजारो डॉलरांत जातो. पहिल्या वर्षी शाळेची टीम पुरे. लसीकरणाची नोंद आणि, नववी तिकडेच सुरू झाली असेल तर, तेव्हापासूनच्या सगळ्या मूळ गुणपत्रिका सोबत आणा. शाळेला पहिली लागते, आणि पुढे कॉलेजात खेळायची पात्रता ठरवताना नववीपासूनचे गुण बघतात.