रील बघून हात गळाले असतील तर

स्केचिंग सुरू करून जेमतेम तीन आठवडे झालेत आणि तू म्हणतोस, 'मला हे जमणारच नाही'. आधी एक सांग, दिवसात स्वतः किती वेळ चित्रं काढतोस आणि दुसऱ्यांची चित्रं किती वेळ बघतोस?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की 'मला जमेल' हा विश्वास सगळ्यात पक्का येतो तो स्वतः करून पाहिल्याने. दुसऱ्याला करताना बघूनही येतो, पण तो माणूस आपल्यासारखाच धडपडत शिकणारा वाटला तर. रीलची गोची नेमकी इथे आहे. मिनिटभरात डोळा, नाक, सावली आणि चेहरा तयार! खोडून खोडून काळवंडलेला कागद त्यात दिसतच नाही. मीही रात्री उशिरापर्यंत तेच बघायचो आणि सकाळी पेन्सिल उचलायची भीती वाटायची.

म्हणून आधी काढ, मग बघ. तुझ्याहून दोनच पावलं पुढे असलेल्यांना, चुकाही दाखवणाऱ्यांना फॉलो कर. त्यांना बघून खरंच हुरूप येतो. लाइक मोजत बसू नकोस. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख टाक आणि महिन्याभराने तुझा पहिला कान आणि तिसावा कान शेजारी ठेवून बघ.